‘तो कधी उतरतोय?’ : जखमी खेळाडूला परत आणायचं कुणी ठरवायचं?

इयरफोन लावून रंकाळ्यावर फिरत असाल, के.एम.टी.त बसून कॉलेजला चालला असाल, नाहीतर जिममध्ये सायकल मारत असाल, जिथं असाल तिथं निवांत ऐका. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणं हा एपिसोड लिहूनही देतोय. बोलताना जसा बोललो तसाच ठेवलाय, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत.

आजचा विषय कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेचा आहे. शाहू स्टेडियमवर सीझन रंगात आला की एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, व्हॉट्सअॅप ग्रुपवर. प्रश्न एकच : “तो कधी उतरतोय?”

‘तो’ म्हणजे आपल्या टीमचा जखमी खेळाडू. गेल्या सीझनला गुडघा गेला, ऑपरेशन झालं, आता वॉकर गेला, काठी गेली, गाडी चालवायला लागलाय. मिरजकर तिकटीला कुणीतरी त्याला चालताना बघितलं. झालं! “चालतोय की व्यवस्थित! मग खेळवत का न्हाईत?”

मी आज ह्याच प्रश्नावर बोलणार आहे. गंभीर दुखापत झालेल्या खेळाडूला टीमनं परत आणावं का? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. आणावं, जरूर आणावं. पण सामन्याची तारीख बघून नाही, आणि त्या सामन्यात ज्याचा जीव अडकलाय त्याच्या शब्दावर तर अजिबात नाही. हे असं का, ते आता सविस्तर.

आधी गुडघा समजून घेऊ

आपल्याकडं सरसकट म्हणतात, “लिगामेंट गेली.” बहुतेक वेळा ती असते एसीएल. गुडघ्याच्या आत, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना तिरकं बांधून ठेवणारा हा एक पट्टा. पळताना अचानक दिशा बदलली, हेडिंग करून एका पायावर चुकीचं उतरलं, पाय जमिनीत रुतला आणि अंग फिरलं, की हा पट्टा तुटतो. गंमत बघा, कितीतरी वेळा समोरच्यानं हातसुद्धा लावलेला नसतो. मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा जास्त प्रमाणात होते. आता आपल्या पोरीही जोरात खेळायला लागल्यात, म्हणून त्यांच्या कोचनी हे खास लक्षात ठेवायला पाहिजे.

ऑपरेशनमध्ये डॉक्टर तुटलेला पट्टा शिवत बसत नाहीत. सहसा तुमच्याच मांडीच्या मागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची शीर घेऊन तिथं नवीन पट्टा बसवतात. त्याला ग्राफ्ट म्हणतात. आणि इथं एक गोष्ट आहे जी कट्ट्यावर कुणालाच माहीत नसते.

तो ग्राफ्ट बसवला त्या दिवशी जेवढा मजबूत असतो, त्यापेक्षा पुढच्या काही महिन्यांत कमकुवत होतो. कारण त्याचा जुना रक्तपुरवठा तुटलेला असतो. शरीर त्यात नवीन रक्तवाहिन्या घालतं, जुन्या पेशी काढून नवीन भरतं. झाड उपटून दुसरीकडं लावलं की आधी कोमेजतं, मग मूळ धरतं, तसंच. त्यामुळं तीन-चार महिन्यांनी परिस्थिती कशी असते? सूज उतरलेली, दुखायचं थांबलेलं, पोरगं सरळ रेषेत झकास पळतंय. आणि आतला पट्टा मात्र अजून कच्चा.

म्हणून “आता दुखत न्हाई, मी खेळतो” हे वाक्य ह्या दुखापतीत सगळ्यात फसवं आहे. दुखणं थांबणं आणि बरं होणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडे आकडे सांगतो, कंटाळू नका. २०१६ साली नॉर्वेमधल्या खेळाडूंवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एसीएलच्या ऑपरेशननंतर दोन वर्षं त्यांचा पाठपुरावा केला होता. त्यात असं दिसलं की नऊ महिन्यांपर्यंत, पुनरागमन जेवढे महिने पुढं ढकललं तेवढी पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला जवळपास निम्म्यानं कमी होत गेली. दर महिन्याला निम्मी! म्हणजे “सेमीफायनल आहे, सातव्या महिन्यात उतरवू” असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा ते दोन महिने किती महाग पडतात बघा. आणि नऊ महिन्यांनंतर? नुसती तारीख उलटली म्हणून पाय तयार होत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के झाली पाहिजे, एका पायावरच्या उड्यांच्या टेस्ट पास झाल्या पाहिजेत.

दुसरा आकडा जरा कडू आहे. ऑपरेशन झालेल्यांपैकी साधारण ८१ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या खेळाकडं परततात, पण स्पर्धेच्या पातळीवर परत येतात ते फक्त ५५ टक्के. आणि पंचवीस वर्षांच्या आतल्या, परत खेळायला लागलेल्या पोरांमध्ये जवळपास चारातल्या एकाची एसीएल पुन्हा जाते. ह्या नाहीतर त्या पायाची. आपल्या पेठेतल्या टीममधली बहुतेक पोरं ह्याच वयाची आहेत, हे डोक्यात ठेवून पुढचं ऐका.

घाई आणि सबुरी

ब्राझीलचा रोनाल्डो तुम्हाला माहीतच आहे. नोव्हेंबर १९९९ मध्ये इंटर मिलानकडून खेळताना त्याच्या गुडघ्याची शीर फाटली. एसीएल नव्हे, वाटीखालची. ऑपरेशन झालं. एप्रिल २००० मध्ये, म्हणजे पाच महिन्यांच्या आत, लाझिओविरुद्ध इटालियन कपच्या फायनलला त्याला उतरवलं. सहा-सात मिनिटं खेळला असेल. बॉल घेऊन पाय फिरवला आणि गुडघा पुन्हा गेला, ह्या वेळी आधीपेक्षा वाईट. समोरच्यानं धक्कासुद्धा दिला नव्हता. यूट्यूबवर व्हिडिओ आहे, बघवत नाही.

मग पुढचं पुनरागमन यायला वर्षाहून जास्त लागलं. पण ते झालं, आणि २००२ च्या वर्ल्डकपला त्यानं आठ गोल मारले, त्यातले दोन जर्मनीविरुद्ध फायनलला. तोच माणूस, तोच गुडघा. पाच महिन्यांत आणला तेव्हा सात मिनिटं टिकला, वेळ दिला तेव्हा वर्ल्डकप जिंकून दिला.

आपल्या देशातलं उदाहरण घ्या. संदेश झिंगन. ऑक्टोबर २०१९ मध्ये, बांगलादेशविरुद्धच्या वर्ल्डकप क्वालिफायरच्या तोंडावर, गुवाहाटीत नॉर्थईस्ट युनायटेडबरोबरच्या सरावाच्या मॅचमध्ये त्याची एसीएल गेली. केरळा ब्लास्टर्सचा तो अख्खा सीझन त्यानं बाहेर बसून काढला. मग कोविड आला, सगळंच थांबलं. झिंगन स्पर्धेत परतला तो नोव्हेंबर २०२० मध्ये, एटीके मोहन बागानकडून. म्हणजे जवळपास तेरा महिने! त्या सीझनच्या आयएसएलच्या सगळ्या मॅच गोव्यात झाल्या होत्या, आठवतंय ना. आणि तो सीझन संपल्यावर, २०२१ मध्ये, भारताचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू कोण ठरला? झिंगनच.

पण मी फक्त गोड गोष्टी सांगणार नाही. जेजे लालपेखलुआ, भारताचा एवढा मोठा स्ट्रायकर. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं त्याचा २०१९-२० चा सीझन गेला. नंतर तो ईस्ट बंगालकडून उतरला, पण आधीचा जेजे काही परत दिसला नाही. २०२३ मध्ये त्यानं निवृत्ती घेतली आणि त्याच वर्षी मिझोरममध्ये आमदार झाला. सगळं नीट करूनही कधीकधी जुना खेळ परत येत नाही. तो कुणाचा दोष नसतो. पेठेला हेही पचवायला शिकलं पाहिजे.

मग ठरवायचं कुणी?

इथं मला अन्वर अलीची गोष्ट सांगायची आहे. ती दुखापतीची नाही, हृदयाची आहे. पण ‘खेळवायचं की नाही हे कुणी ठरवायचं’ ह्या प्रश्नावर आपल्या देशात एवढी स्पष्ट केस दुसरी नाही.

२०१७ चा अंडर-सेव्हन्टीन वर्ल्डकप आठवा. दिल्लीत भारताच्या मॅच झाल्या. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये होता, अख्खं कोल्हापूर टीव्हीसमोर बसलं होतं. त्याच टीमच्या डिफेन्समध्ये पंजाबचा अन्वर अली होता. पुढं त्याला मुंबई सिटीनं घेतलं. २०१९ मध्ये वैद्यकीय तपासणीत कळलं की त्याच्या हृदयाचा स्नायू जाड झालाय. ह्या आजारात जोराच्या खेळात हृदय अचानक बंद पडायचा धोका असतो. वय १९ सुद्धा पूर्ण नाही, आणि डॉक्टर म्हणतात खेळ थांबव.

२०२० मध्ये तो कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगकडं गेला, तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं क्लबला सांगितलं, ह्याला खेळवू नका. अन्वर दिल्ली हायकोर्टात गेला. त्याचं म्हणणं साधं होतं : हा माझा धंदा आहे, माझं पोट ह्यावर आहे, माझं ऐकून न घेता मला थांबवू नका. पुढं २०२१ मध्ये तो दिल्ली एफसीकडून मैदानावर दिसला, २०२२ च्या सुरुवातीला एफसी गोवाकडून आयएसएलमध्ये आला, मार्चमध्ये बहारीनविरुद्ध भारताकडून पदार्पण केलं, आणि जूनमध्ये कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल मारला.

आता ह्यात बरोबर कोण? महासंघ म्हणत होता, मैदानावर पोरगं मेलं तर? अन्वर म्हणत होता, न खेळता माझं काय उरलं? मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. महासंघाची भीती खोटी नव्हती. पण अन्वरनं एक हक्क मिळवला, तो महत्त्वाचा आहे : माझ्या शरीराबद्दल निर्णय होताना मला त्या खोलीत बसायला मिळालं पाहिजे.

आणि त्यानं तो हक्क कसा वापरला ते बघा. “मला काय होतंय, बघू की” असं म्हणून बूट घातले नाहीत. तपासण्या होत्या, तज्ज्ञांची मतं होती, कोर्ट होतं, सगळं कागदावर होतं. धोका घेतला, पण डोळे उघडे ठेवून.

डेन्मार्कच्या ख्रिश्चन एरिक्सनचंही तसंच. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये, युरो कपच्या मॅचमध्ये त्याचं हृदय बंद पडलं, मैदानावरच त्याला परत आणलं. छातीत एक यंत्र बसवलं. इटलीच्या नियमात असं यंत्र घेऊन खेळायला परवानगी नाही, म्हणून इंटरनं करार संपवला. इंग्लंडमध्ये चालतं, म्हणून ब्रेंटफर्डनं घेतलं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तो परत खेळला. एकच माणूस, एकच हृदय. एका देशात ‘नाही’, दुसऱ्यात ‘हो’. म्हणजे हा निर्णय फक्त डॉक्टरी नसतो. किती धोका चालवून घ्यायचा, हे माणसं ठरवतात. मग कुठली माणसं, हा प्रश्न उरतोच.

डोक्याचं वेगळं

मध्येच एक गोष्ट, कारण आपल्याकडं हे फार हलक्यात घेतात. डोक्याला मार बसला की पाणी मारायचं, मॅजिक स्प्रे मारायचा, “उठ भावा, काय न्हाई झालं!” असं करू नका. ऑक्टोबर २००६ मध्ये चेल्सीचा गोलकीपर पेत्र चेकची कवटी फ्रॅक्चर झाली. तो तीन महिन्यांनी परत आला आणि उरलेलं अख्खं करिअर हेल्मेट घालून खेळला. जानेवारी २०१७ मध्ये हल सिटीच्या रायन मेसनची कवटी फ्रॅक्चर झाली. त्यानंही वर्षभर प्रयत्न केला, पण डॉक्टरांच्या सल्ल्यानं २६ व्या वर्षी बूट काढून ठेवले. दोघांची दुखापत नावाला सारखीच, निर्णय उलटे, आणि दोन्ही बरोबर. कारण निर्णय दुखापतीच्या नावावर नाही, त्या माणसाच्या तपासणीवर झाला.

मेंदूला मार बसल्याची नुसती शंका आली तरी त्या दिवशी खेळाडू परत आत नाही, हा नियम जगभर मानतात. फुटबॉलचे नियम करणाऱ्या संस्थेनं तर २०२४-२५ पासून स्पर्धांना अशा वेळी एक जादा बदली खेळाडू द्यायची मुभा दिली आहे. शाहू स्टेडियमवर तुमच्या टीमचा पोरगा डोक्यावर पडला आणि “स्कोअर काय झालाय?” असं दोनदा विचारायला लागला, तर त्याला बाहेर घ्या आणि डॉक्टरकडं न्या. मॅच गेली तर गेली.

कोल्हापूरचं दुखणं वेगळं आहे

आता आपल्या गावाकडं येऊ. झिंगन काय, रोनाल्डो काय, त्यांच्यामागं क्लब आहे, करार आहे, डॉक्टर आहे, फिजिओ आहे. आपल्या पोराकडं काय आहे?

आपला फुटबॉल तालमीतनं आलाय. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, नावं बघा की. प्रॅक्टिस, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी, कुणीही घ्या, टीम म्हणजे पेठेची अब्रू. के.एस.ए. लीग झाली की मग एकामागून एक चषक. स्टेडियम गच्च भरतं. हेच आपल्या फुटबॉलचं वैभव आहे, आणि जखमी खेळाडूच्या बाबतीत हीच अडचणही आहे.

कल्पना करा. एक पोरगं आहे, बावीस वर्षांचं. सेंटर फॉरवर्ड. सात महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालंय. ऑपरेशनला पेठेनं वर्गणी काढली. आता सेमीफायनल आहे, समोर पारंपरिक टीम आहे. कोच काही बोलत नाही, फक्त विचारतो, “कसा हाय गुडघा?” अध्यक्ष म्हणतात, “तुझ्यावर जबरदस्ती न्हाई हं, पण बघ, शेवटची वीस मिनिटं...” मित्र स्टेटस ठेवतात, ‘वाघ परत येतोय’. घरी थोरला भाऊ म्हणतो, “पेठेनं एवढं केलं तुझ्यासाठी.”

सांगा मला, हे पोरगं ‘नाही’ म्हणू शकतं का?

नाही म्हणू शकत. आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याच्या ‘हो’ला काही किंमत नसते. नंतर गुडघा गेला की सगळे म्हणणार, “तोच म्हणाला खेळतो म्हणून.” हे मला पटत नाही. ज्याचा जीव त्या मॅचमध्ये अडकलाय, मग तो कोच असो, अध्यक्ष असो, सपोर्टर असो, की तो खेळाडू स्वतः असो, त्यानं हा निर्णय एकट्यानं घेऊ नये. सेमीफायनलच्या आठवड्यात तर नाहीच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. वर्गणी निघते ऑपरेशनसाठी, कारण ऑपरेशन दिसतं. दवाखान्यातला फोटो असतो, बिल असतं. पण एसीएलमध्ये ऑपरेशन म्हणजे अर्ध्याहून कमी काम. खरं काम पुढचे नऊ महिने, आठवड्यातनं तीन-चार वेळा फिजिओ. त्याचा फोटो कोण काढतो? ते पोरगं सकाळी कामावर जातं, दुपारी जमलं तर व्यायाम, नाही जमलं तर नाही. चौथ्या महिन्यात दुखायचं थांबतं, फिजिओचे पैसे संपतात, आणि ते थेट मैदानावर येतं. मग आपण म्हणतो, नशीब फुटकं. नशिबाचा काय संबंध त्यात?

आणि उलटी बाजूही सांगतो, कारण नुसतं “बस घरात” म्हणणंही क्रूर आहे. खेळाडू बाहेर बसला की ग्रुपमधनं हळूहळू गळतो. प्रॅक्टिसला बोलवत नाहीत, प्रवासात घेत नाहीत. त्याची ओळखच फुटबॉल असते, ती गेली की पोरगं आतनं खचतं. म्हणून घाईनं उतरतात बरीच पोरं. गुडघ्यापेक्षा एकटेपणा जास्त दुखतो.

वस्ताद कुठं गेला?

आपल्या मातीत ह्याचं उत्तर आधीपासून आहे. कुस्तीत बघा. राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं, कुस्तीला आश्रय दिला, तालमी उभ्या राहिल्या. तालमीत वस्ताद असतो. पैलवानाचा खांदा दुखावला तर आखाड्यात कधी उतरायचं हे पैलवान ठरवत नाही, जोड लावणाराही ठरवत नाही. वस्ताद ठरवतो. त्यानं ‘अजून नाही’ म्हटलं की विषय संपला. पैलवानाची अब्रूही जात नाही, कारण ‘नाही’ त्यानं म्हटलेलं नसतं, वस्तादानं म्हटलेलं असतं. आणि खुराकाची काळजीही तालीम घेते.

फुटबॉलमध्ये आपण तालमीचं नाव ठेवलं, अब्रू ठेवली, ईर्षा ठेवली. वस्ताद तेवढा हरवला. तो परत आणायला पाहिजे. फक्त आता त्याच्या हातात फिजिओची वही पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं पाच मुद्द्यांत सांगतो. स्क्रीनशॉट काढा आणि आपल्या टीमच्या ग्रुपवर टाका.

एक. सीझन सुरू व्हायच्या आधी ठरवा की जखमी खेळाडूला ‘फिट’ कोण म्हणणार. एक डॉक्टर किंवा फिजिओ, जो तुमच्या कमिटीत नाही आणि ज्याला मॅचच्या निकालाशी देणंघेणं नाही. त्याचा शब्द शेवटचा. अध्यक्षांनी फोन करून तो बदलायचा नाही.

दोन. तारीख नको, टेस्ट हवी. एसीएल असेल तर नऊ महिन्यांच्या आत विषयच नको. त्यानंतर दोन्ही पायांची ताकद मोजा, उड्यांच्या टेस्ट घ्या, कापून वळणं, अचानक थांबणं बघा. मग टीमबरोबर निदान काही आठवडे पूर्ण सराव, अंगाला अंग लावून. मग मैत्रीपूर्ण मॅच. मग वीस मिनिटं. मग हाफ. पहिलीच मॅच पारंपरिक टीमविरुद्धची सेमीफायनल कधीही नको.

तीन. वर्गणी काढायची तर ऑपरेशन अधिक नऊ महिन्यांचा फिजिओ अशी मिळून काढा. दोन्हीला पुरत नसेल तर तसं आधी डॉक्टरांशी बोला. खुराकाशिवाय पैलवान घडत नाही, तसा फिजिओशिवाय गुडघा बरा होत नाही.

चार. पेनकिलरचं इंजेक्शन मारून उतरवणं बंद. वेदना ही शरीराची शिट्टी आहे. रेफ्रीच्या तोंडातली शिट्टी काढून घेतली म्हणून फाऊल थांबत नाहीत.

पाच. बाहेर बसलेल्या खेळाडूला टीममध्येच ठेवा. ज्युनिअर पोरांचं कोचिंग द्या, मॅचचे व्हिडिओ बघायला बसवा, बेंचवर जर्सी घालून बसवा. तो टीममध्ये आहे हे त्याला रोज कळलं तर तो घाई करणार नाही.

ह्यातलं काहीच फार खर्चिक नाही. एका फायनलच्या दिवशी फटाक्यांवर, गुलालावर आणि डिजिटल फलकांवर जेवढं उडतं, त्यात एका पोराचा बराचसा फिजिओ होऊन जाईल.

आणि खेळाडू मित्रा, तुझ्यासाठी

हे ऐकणारा एखादा स्वतःच गुडघ्याला पट्टा बांधून बसला असेल. भावा, तुला सांगतो. तुला परत यायचंय, यायलाच पाहिजे. मी तुला ‘सोड’ म्हणत नाही. अन्वरला सगळे ‘सोड’ म्हणत होते, तो भारताकडून खेळला. पण त्यानं तपासण्या टाळल्या नाहीत. तूही टाळू नको. फिजिओला खोटं सांगू नको. “आवाज येतो का गुडघ्यातनं?” असं विचारलं तर येत असेल तर येतो म्हण. पळताना मनात भीती असेल तर तीही सांग, कारण भीती घेऊन खेळणारा पाय चुकीचा टाकतो. आणि हेही लक्षात ठेव, पेठ तुझ्यावर प्रेम करते ते तुझ्या गोलमुळं. पण पन्नाशीत जिना चढताना तो गुडघा फक्त तुझाच असणार आहे.

आणि सपोर्टर मंडळी, म्हणजे तुम्ही-आम्ही. आपल्या हातात निर्णय नाही, पण दबाव आपलाच असतो. पुढच्या वेळी ग्रुपवर ‘तो कधी उतरतोय?’ असा मेसेज आला तर एक काम करा. उत्तर म्हणून विचारा, “टेस्ट झाली का त्याची?” एवढंच. हा प्रश्न कट्ट्यावर रुळला तर कमिटीलाही विचारावा लागेल, कोचलाही, आणि त्या पोराला ‘अजून नाही’ म्हणायला तोंड मिळेल.

तुमच्या टीममध्ये हे आधीच कुणी करत असेल, फिजिओ ठेवला असेल, नियम केले असतील, तर मला नक्की कळवा. त्या टीमचं नाव पुढच्या एपिसोडमध्ये मोठ्यानं घेईन, मग ती आमच्या पेठेची पारंपरिक टीम का असेना! एवढं मोठं मन हाय आपलं.

चला, भेटू पुढच्या आठवड्यात. वॉर्मअप केल्याशिवाय मैदानात उतरू नका. राम राम!